अण्णाकाकांची पाठ

गेल्या महिन्यात डोंबिवलीचं जुनं घर रिकामं करायला आम्ही भावंडं जमलो होतो. इमारत पाडणार आहेत, त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलं. पितळी डबे, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, दोन फुटक्या बरण्या आणि अण्णाकाकांची पत्र्याची पेटी. पेटीला कुलूप होतं, किल्ली अर्थातच नव्हती. त्यामुळे आत काय असेल यावर चहा होईपर्यंत पैजा लागल्या. शेवटी धाकट्याने स्क्रूड्रायव्हरने कडी उचकटली. आत एक कमरेचा पट्टा, एक्स-रेचे दोन लिफाफे आणि एक फाइल. फाइलमध्ये इंग्रजीत टाइप केलेला एक अहवाल होता, कार्बनची तिसरी प्रत असावी इतका फिकट. त्यातली दोन-तीन वाक्यं मराठीत सांगायची तर अशी: हाडांत दोष आढळला नाही. तक्रारी केवळ रुग्णाच्या सांगण्यापुरत्या आहेत. सदर इसम पुतण्याला खांद्यावर घेऊन उभा असल्याचे पाहण्यात आले आहे.

तो पुतण्या म्हणजे मी.

आमच्या घरात 'अण्णांची पाठ' हा एक वाक्प्रचार आहे. कोणी भांडी घासायला टाळाटाळ केली, कोणाचं परीक्षेच्या दिवशी नेमकं पोट दुखायला लागलं, की 'काय रे, अण्णांची पाठ झालीय का?' असं विचारायचं. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी निम्म्यांनी तो वापरला आहे. मीही वापरला आहे, माझ्या मुलावर सुद्धा.

गोष्ट १९७९ सालची. काका एका छोट्या कारखान्यात फिटर होते. दहा-पंधरा माणसांचा कारखाना. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक यंत्र बसवायला टेम्पोतून जाताना मागून ट्रकने धडक दिली. ड्रायव्हरचा हात मोडला, हेल्परच्या डोक्याला टाके पडले, आणि काकांना खरचटलंसुद्धा नाही. ते चालत घरी आले, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांना उठता येईना. त्यानंतर दीड वर्ष ती पाठ आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखी राहिली. तिच्यासाठी जमिनीवर वेगळी चटई, तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी, तिच्या वेळा, तिचे रुसवे. मालकाने आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवलं. डॉक्टर गप्पिष्ट होते म्हणे. बोलता बोलता त्यांच्या हातातून पेन पडलं आणि काकांनी सवयीने वाकून ते उचलून दिलं. मधल्या काळात गणपती झाले. विसर्जनाच्या मिरवणुकीत मला काही दिसत नव्हतं म्हणून मी रडून गोंधळ घातला आणि काकांनी मला खांद्यावर घेतलं. ते कोणी पाहिलं, कोणी पोचवलं, देव जाणे. अहवालात मात्र आलं.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आता पन्नाशी ओलांडली आहे. तो कागद वाचल्यापासून दोन आठवडे मी दुसरं काही धड वाचलेलं नाही. मोजता न येणारं दुखणं खरं की खोटं हे ठरवायचा धंदा कधीपासून चालत आला, एवढंच शोधत बसलो होतो. सापडलं ते इतकं मजेदार आणि इतकं ओळखीचं निघालं की इथे लिहून ठेवतोय.

आजाराचं सोंग ही गोष्ट अर्थातच जुनी आहे. सैन्यांना तिची चांगली ओळख होती. १८४३ साली हेक्टर गॅव्हिन या ब्रिटिश डॉक्टरने सैनिक आणि खलाशी कुठली कुठली दुखणी आणतात आणि ती कशी पकडायची यावर एक भलंथोरलं पुस्तकच लिहिलं. क्लोरोफॉर्म आल्यावर लष्करी डॉक्टरांना एक नवं हत्यार मिळालं: आखडलेला गुडघा गुंगीत सरळ होतो का ते पाहायचं. पण तिथे मामला सरळ होता. शिपाई खोटा ठरला तर शिक्षा, खरा ठरला तर सुट्टी. पैशाचा प्रश्न आला तो रेल्वेबरोबर.

आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे कंपन्यांची भीती नेमकी उलटी होती. बाकीची सगळी सोंगं पैशासाठीच आणली जातायत असं त्यांना वाटायचं.

९ जून १८६५ ला केंटमधल्या स्टेपलहर्स्टजवळ एक अपघात झाला. एका लहानशा नदीवरच्या पुलाचं काम चालू होतं. मुकादमाने वेळापत्रक चुकीचं वाचलं आणि गाडी यायच्या वेळेला रूळ उचकटलेले होते. लाल बावटा घेऊन माणूस उभा केला होता, पण नियमाने हजार यार्डांवर हवा तो साधारण साडेपाचशेवर. फोकस्टनहून लंडनला निघालेल्या गाडीचे डबे खाली कोसळले. दहा माणसं गेली. जो डबा पुलावरून लटकत राहिला त्यात चार्ल्स डिकन्स होते. ते बाहेर पडले, हॅटमधून पाणी आणून जखमींना पाजलं, जवळची ब्रँडी वाटली आणि मग पुन्हा डब्यात चढून चालू कादंबरीचं हस्तलिखित काढून आणलं. अंगावर जखम नाही. पण नंतर पंधरा दिवस आवाज गेला. चार दिवसांनी मित्राला अपघाताचं पत्र लिहिताना हात इतका कापायला लागला की ते आवरतं घ्यावं लागलं. पुढे गाडीत बसलं की आसन घट्ट धरून ठेवायचे आणि वेगाच्या गाड्या टाळायचे. ते वारले ९ जून १८७० ला, अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. हा योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण डिकन्ससारख्याला कोणी सोंगाड्या म्हटलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. कारखान्यातल्या फिटरची गोष्ट वेगळी.

अशी माणसं तेव्हा इंग्लंडभर होती. अपघातातून चालत बाहेर आलेली, घरी जाऊन जेवलेली, आणि मग काही दिवसांनी पाठ धरलेली, झोप उडालेली, हातापायांत मुंग्या येणारी, कामावर लक्ष न लागणारी. १८६६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले शल्यचिकित्सेचे प्राध्यापक जॉन एरिक एरिकसन यांनी या दुखण्यावर सहा व्याख्यानं छापली. लोकांनी त्याला नाव दिलं 'रेल्वे स्पाइन'. रेल्वेची पाठ! एरिकसनचं म्हणणं असं की धक्क्याने मज्जारज्जूला आतून इजा होते, बाहेर काही दिसत नसलं तरी. कशी इजा, हे त्यांनाही दाखवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन दाखले दिले. नालाच्या आकाराच्या लोहचुंबकावर हातोड्याचा जोरात घाव घातला तर त्याचं चुंबकत्व जातं. का जातं ते ठाऊक नाही, पण जातं. दुसरा दाखला घड्याळाचा. घड्याळ पडून काच फुटली तर आतलं यंत्र बहुधा शाबूत राहतं. काच वाचली, तर धक्का आत गेला आणि घड्याळ बंद पडलं असं समजा.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो. ड्रायव्हरचा हात मोडला, हेल्परला टाके पडले आणि काकांना खरचटलंही नाही! अर्थात एरिकसन चुकले होते, मज्जारज्जूचा लोहचुंबक होत नाही. पण एखादी गोष्ट समजावून सांगायची हातोटी असते, तिला दाद द्यावीच लागते.

कोर्टातल्या ज्यूरींनीही दिली. एरिकसनचं पुस्तक वकिलांच्या हातात पडलं आणि दर खटल्यात दोन डॉक्टर समोरासमोर उभे राहू लागले. एक म्हणणार हा माणूस जन्माचा अधू झाला. दुसरा म्हणणार याला काहीही झालेलं नाही. दोघंही शपथेवर, दोघंही नामांकित आणि दोघांचीही फी चोख. ज्यूरीत बसलेले लोक स्वतः रेल्वेने जाणारे. त्यांची सहानुभूती कंपनीकडे कशाला असेल?

यातून १८६८ च्या ब्रिटिश रेल्वे नियमन कायद्यात एक लहानसं कलम आलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. अपघातात जखमी झालेल्या माणसाने भरपाई मागितली तर न्यायाधीश त्याला एखाद्या डॉक्टरकडून तपासून घेण्याचा हुकूम देऊ शकतो. हा डॉक्टर हुकमात नाव घेऊन नेमायचा, आणि तो दोन्हीपैकी कुठल्याही बाजूचा साक्षीदार नसावा. बस, एवढंच. ना कंपनीचा, ना रुग्णाचा. हेच कलम जवळपास त्याच शब्दांत १८९० च्या आपल्या भारतीय रेल्वे कायद्यात उतरलं. म्हणजे बोरीबंदरहून सुटणाऱ्या गाडीत पाठ धरलेल्या माणसालाही कागदावर तरी तिसऱ्या माणसाचा हक्क होता.

मग कंपन्यांच्या बाजूने हर्बर्ट पेज आले. हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन. कंपनीचा पगारी डॉक्टर म्हटल्यावर मी त्यांच्याकडे आकसानेच पाहायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू. पण १८८३ चं त्यांचं पुस्तक काय सांगतं पाहा. दोनशेच्या वर रेल्वे-रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी सांगितलं की मज्जारज्जूला इजा झाल्याचा पुरावा नाही. म्हणजे सगळे खोटारडे? तर नाही. पेज म्हणतात, भीती पुरेशी आहे. अंधारात कर्णकर्कश आवाज, उलटेपालटे होणारे डबे, क्षणभर मेलोच अशी खात्री, एवढ्यावरच माणूस महिनोन्महिने आजारी पडू शकतो, आणि त्याचं दुखणं खरं असतं. लबाडी करणारे असतात, अतिशयोक्ती करणारे त्याहून जास्त असतात, पण त्या दोन्हींच्या मध्ये फार मोठा प्रदेश आहे. अपघात घडून गेल्यावर पुन्हा पुन्हा तपासणी, वकिलांच्या चिठ्ठ्या, 'आता कसं वाटतंय' हे प्रश्न, हे सगळंच त्या दुखण्याला खतपाणी घालतं, असंही त्यांनी लिहिलं. कंपनीला हवं तेच त्यांनी सांगितलं, यात शंका नाही. पण ते सांगताना 'खरं' आणि 'खोटं' या दोन खणांच्या मध्ये तिसरा खण केला. पॅरिसमध्ये शार्को त्याच सुमारास धडधाकट कामगार पुरुषांमधला हिस्टेरिया दाखवत होते, आणि त्यांनी पेजच्या या कामाचा आधार घेतला.

जर्मनीत मात्र हा तिसरा खण फार महागात पडला. १८८४ साली तिथे कामगारांचा अपघात विमा आला आणि १८८९ मध्ये बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी 'आघातज मज्जाविकार' अशा अर्थाचं नाव देऊन अशा रुग्णांना हक्काचं दुखणं मिळवून दिलं. लगेच विरोधक उभे राहिले. हे दुखणं आघाताचं नाही, पेन्शनच्या आशेचं आहे, म्हणून. पहिल्या महायुद्धात हादरलेल्या सैनिकांची संख्या एवढी वाढली की १९१६ च्या म्युनिकच्या परिषदेत ओपेनहाइम एकटे पडले. १९२६ मध्ये तिथल्या विमा कार्यालयाने निर्णयच दिला की अशा विकारांना भरपाई नाही. खण बंद.

त्याच युद्धातली एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांत हाताला गोळी लागलेले बरेच निघू लागले. वरिष्ठांत कुजबुज सुरू झाली: हे लोक खंदकातून सुटण्यासाठी स्वतःच हातावर गोळी झाडून घेतायत. ब्रायटनला जुन्या वर्कहाउसच्या इमारतीत हिंदी सैनिकांसाठी किचनर हॉस्पिटल होतं. तिथले प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी कुजबुजीवर विसंबण्याऐवजी एक हजार जखमा मोजल्या. गोळी कुठे लागली, कुठला हात, कशी. निष्कर्ष असा की या संशयाला आधार देणारा पुरावा नाही. एक हजार! आमच्या काकांच्या वाट्याला एक पेन आलं.

इंग्लंडमध्ये १८९७ आणि १९०६ च्या कायद्यांनी कामगारांना भरपाईचा हक्क मिळाला, आणि सोंग पकडणं हा डॉक्टरांचा स्वतंत्र व्यवसाय झाला. १९१३ मध्ये सर जॉन कोली यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्यातलं अकरावं कलम मी काकांची फाइल शेजारी ठेवून वाचलं. अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली तर कामगाराने ती करून घेतलीच पाहिजे. नाकारली तर भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता थांबतो. डॉक्टर पात्रताधारक हवा, एवढीच अट. १८६८ चं ते 'कुठल्याही बाजूचा साक्षीदार नसलेला' इथे नाही. कायद्याला जोडलेल्या यादीत अवयवांचे भाव आहेत: काकांच्या काळात अंगठा गेला तर ३० टक्के, दुसरा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. ज्याला काच फुटली त्याला टक्के. ज्याची काच वाचली त्याने कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं?

आता पेनाबद्दल. ती युक्ती त्या डॉक्टरांनी शोधलेली नव्हती. रुग्णाचं लक्ष दुसरीकडे असताना तीच हालचाल करून पाहायची, हे जुनंच तंत्र आहे. १९०८ मध्ये क्लीव्हलँडच्या चार्ल्स हूव्हर यांनी त्याला शास्त्रीय रूप दिलं. माणूस उताणा असताना एक पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. जो पाय 'हलतच नाही' असं रुग्ण म्हणतो, तो दुसरा उचलताना दाबला जातो का, हे टाचेखाली हात ठेवून पाहायचं. १९८० मध्ये स्कॉटलंडचे अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॅडेल यांनी कंबरदुखीसाठी अशा खुणांचे पाच गट केले. डोक्यावर हलकेच दाबलं तर कंबर दुखते का, झोपून पाय उचलताना ओरडणारा माणूस बसून तोच पाय सरळ करतो का, वगैरे. पाचांपैकी तीन गटांत खुणा मिळाल्या तर निव्वळ शरीराकडे पाहून भागणार नाही, असा त्याचा अर्थ. विमा कंपन्यांच्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ केला: तीन मिळाल्या, पकडला चोर. वॅडेल वैतागले. १९९८ मध्ये त्यांना आणि ख्रिस मेन यांना पुन्हा लेख लिहून सांगावं लागलं की ही लबाडी ओळखायची चाचणी नाही. हूव्हरची खूणही आज मज्जातज्ज्ञ वापरतात, पण रुग्णाला पकडायला नाही. उलट 'हे पाहा, तुमच्या पायात ताकद आहे, वाट शोधायची आहे' असं त्याला दाखवायला.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९८१ च्या सुरुवातीला मालकाने काही रक्कम देऊन प्रकरण मिटवलं, काकांनी नोकरी सोडली, आणि त्यानंतर सहा-आठ महिन्यांत त्यांची पाठ बरीच सुधारली. घरातल्या वाक्प्रचाराचं खरं मूळ ते. पैसे मिळाले आणि पाठ बरी झाली! १९६१ मध्ये न्यूकॅसलचे हेन्री मिलर यांनी व्याख्यानांतून हेच मांडलं होतं, की खटला मिटला की अपघाताचे रुग्ण बहुतेक सगळे बरे होतात. बरीच वर्षं कोर्टं ते प्रमाण मानत होती. नंतर इतरांनी रुग्णांचा पाठपुरावा केला. मेलबर्नच्या जॉर्ज मेंडेल्सन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की निकाल लागून पैसे मिळाल्यावरही कित्येक जण आजारीच राहतात. मग काका कुठल्या यादीत? मला सांगता येत नाही. पेज म्हणाले असते, दर महिन्याला 'दुखतंय हे सिद्ध कर' असं म्हणणारं कोणी उरलं नाही, म्हणून सुधारली. माझे वडील म्हणाले असते, आणि म्हणायचेही, 'अण्णा पहिल्यापासून आळशीच.'

ठाण्याला काकू असतात, चौऱ्यांशीच्या. परवा फाइल घेऊन गेलो. अहवालात काय लिहिलंय ते त्यांना पहिल्यांदाच कळलं, कारण काकांनी तो कोणाला दाखवलाच नव्हता. मी म्हटलं, काकू, मी रडलो नसतो तर.

'तू रडत होतासच,' त्या म्हणाल्या. 'मी त्यांना म्हटलं, नका घेऊ. म्हणाले, दोन मिनिटांनी काय होतंय. मग तीन दिवस चटईवर. संडासला जाताना भिंत धरून. तुला सांगायचं नाही म्हणून दम दिला होता मला. पोर मनाला लावून घेईल म्हणाले.'

मी काही बोललो नाही. त्यांनी फाइल बंद करून माझ्याकडे दिली आणि विचारलं, 'पेटीत पट्टा होता का रे? त्यांचा, कमरेचा?'

होता, म्हटलं. बकल गंजलंय.

'आण मग पुढच्या वेळी.'